गोड्या पाण्यातील लाकडी मासेमारी होड्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नदी, तलाव आणि जलाशय यांवर मासेमारीसाठी चालणाऱ्या लाकडी होड्यांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. यांतील बरेच प्रश्न समुद्रावरील होड्यांचे नियम जसेच्या तसे गोड्या पाण्यात लावल्यामुळे उद्भवतात, म्हणून हा फरक उत्तरांत अनेकदा येईल. एखाद्या मुद्द्याचे सविस्तर उत्तर दुसरीकडे असल्यास त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गोड्या पाण्यातील होडी समुद्रातील होडीपेक्षा वेगळी का दिसते?

समुद्रावरील होडीला लाटा कापायच्या असतात, त्यामुळे तिचा कणा (तळाच्या मधोमध जाणारे लांब लाकूड) खोल आणि नाळ, म्हणजे पुढचे टोक, उंच असते. नदी-तलावावरील होडीची अडचण निराळी असते: उथळ पाणी, गाळ, पाणगवत आणि जेथे धक्का नाही असा काठ. म्हणून तिचा तळ सपाट किंवा जवळजवळ सपाट, बाजू बुटक्या आणि टोके किंचित वर उचललेली असतात. अशी होडी थेट चिखलावर ओढून घेता येते. सपाट तळाचा फायदा साध्या हिशेबाने समजतो. पाण्याला टेकलेला तळ ४ मीटर लांब व १ मीटर रुंद असेल, तर दर ४० किलो वजनामागे होडी फक्त १ सेंटिमीटर खाली बसते. म्हणजे होडी, दोन माणसे आणि जाळे मिळून ३२० किलो झाले तरी तिला वीतभरही पाणी लागत नाही. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असल्याने तीच होडी गोड्या पाण्यात किंचित अधिक बुडते, पण हा फरक लहान होडीत जाणवत नाही. खरा मोठा फरक लाकूड कशाने नासते यात आहे. त्यासाठी प्रश्न ९ पाहावा.

२. एका ओंडक्यातून कोरलेली होडी आणि फळ्यांची होडी यांत जुनी कोणती?

कोरीव होडी पुष्कळच जुनी आहे. नेदरलँड्समधील पेसे येथे १९५५ मध्ये महामार्गाचे काम चालू असताना पाइनच्या खोडातून कोरलेली सुमारे ३ मीटर लांबीची होडी सापडली. ती इसवी सनापूर्वी सुमारे ८००० ते ७५०० या काळातील असून ज्ञात होड्यांत सर्वांत प्राचीन मानली जाते. नायजेरियातील दुफुना येथे १९८७ मध्ये सापडलेली होडी सुमारे ८००० वर्षांपूर्वीची आणि ८ मीटरांहून लांब आहे, शिवाय तिची टोके इतकी रेखीव आहेत की ती कोणाचा पहिलाच प्रयत्न असावा असे अजिबात वाटत नाही.

मात्र कोरीव होडी खोडापेक्षा रुंद होऊ शकत नाही, आणि या अडचणीतूनच पुढच्या युक्त्या निघाल्या. एस्टोनियातील सोमा या दलदलीच्या प्रदेशात ॲस्पेनच्या झाडाचे खोड आतून पातळ कोरतात, मग विस्तवाची धग आणि पाणी देत त्याच्या बाजू हळूहळू फाकवतात. बाजू बाहेर पडतात तशी टोके आपोआप वर येतात आणि होडीला तो ओळखीचा कमनीय बाक मिळतो. कोरताना जाडी एकसारखी राहावी म्हणून बाहेरून ठरावीक लांबीच्या लाकडी खुंट्या ठोकतात आणि आत खुंटीचे टोक दिसले की तेथे कोरणे थांबवतात. युनेस्कोने २०२१ मध्ये ही परंपरा तातडीने जतन करण्याच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. दुसरी युक्ती म्हणजे कोरलेल्या होडीच्या काठावर एकेक फळी चढवणे. फळ्यांच्या होडीकडे नेणारा हा एक सरळ रस्ता आहे.

३. फळ्यांच्या होडीत आधी सांगाडा उभा करतात की आधी फळ्या जोडतात?

दोन्ही पद्धती आहेत, पण अंतर्गत पाण्यावरील परंपरांत आधी फळ्या एकमेकींना कडेने जोडून कवच तयार करणे आणि बरगड्या, म्हणजे आतून आधार देणारी बाकदार लाकडे, मागाहून बसवणे अधिक आढळते. अशा होडीत आकार कारागिराच्या नजरेत असतो, कागदावर नसतो. फळी फळीला धरून ठेवण्याचे मार्ग मात्र निरनिराळे आहेत. बंगालच्या नद्यांवरील होड्यांत चपट्या लोखंडी आकड्या सांध्यावर आडव्या ठोकतात. केरळच्या केट्टुवळ्ळमात, जी मुळात मालवाहू नाव आहे, आंजिली या झाडाच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवतात आणि खिळा वापरत नाहीत. जपानी कारागीर दोन फळ्या शेजारी ठेवून त्यांच्यामधील फटीतून बारीक करवत पुन्हा पुन्हा फिरवतात, त्यामुळे दोन्ही कडा एकमेकींच्या अचूक जोडीच्या होतात. चिनी सांपान या नावाचा अर्थच ‘तीन फळ्या’ असा सांगितला जातो: एक तळाची आणि दोन बाजूंच्या.

४. सपाट तळाची होडी उलटत नाही, हे खरे आहे का?

हे अर्धे खरे आहे आणि उरलेले अर्धे धोकादायक आहे. सपाट तळाची होडी सुरुवातीला हलत नाही, त्यामुळे माणूस निर्धास्त होतो. परंतु एका मर्यादेपलीकडे कलली की ती एकाएकी उलटते. गोल तळाची होडी पाय ठेवल्यापासून डुलते, पण डुलत डुलत आधी सूचना देते. मासेमारीत बहुतेक अपघाताचा क्षण ठरलेला असतो: जाळे एखाद्या बुडालेल्या खोडात अडकते, दोघेही एकाच बाजूला उभे राहून ओढतात आणि होडीचा काठ पाण्याखाली जातो. जाळे शक्य तेवढे टोकाकडून ओढावे, ओढणाऱ्याने गुडघे टेकावेत आणि दुसऱ्याने विरुद्ध बाजूस बसून राहावे. उथळ आणि विस्तीर्ण तलावात वाऱ्याने उठणाऱ्या लाटा उंच नसल्या तरी आखूड व उभ्या असतात, आणि बुटक्या काठाच्या होडीला त्याच नडतात.

५. बसून वल्हवावे की उभे राहून?

याचे उत्तर पाणी देते. काश्मीरमधील दल सरोवरावर देवदाराच्या शिकाऱ्याच्या टोकाशी बसून हृदयाच्या आकाराच्या पात्याचे वल्हे चालवतात; संथ पाण्यात हे सोयीचे पडते. म्यानमारमधील इनले सरोवरावरील इंथा कोळी होडीच्या टोकावर एका पायावर उभे राहतात आणि दुसरा पाय वल्ह्याभोवती गुंडाळून वल्हवतात. तेथे पाणवनस्पती इतक्या दाट असतात की बसलेल्या माणसाला वाट दिसत नाही, आणि पायाने वल्हवल्यामुळे जाळ्यासाठी हात मोकळे राहतात. तळ हाताशी असेल तेथे बांबू वल्ह्यापेक्षा चांगला. बांबू चिखलात रुतला आणि होडी पुढे निघाली तर बांबू सोडून द्यावा. तो धरून ठेवणारा प्रत्येक नवशिका पाण्यात पडतो.

६. होडीसाठी सर्वांत चांगले लाकूड कोणते?

‘साग’ हे उत्तर बहुतेकांना आधीच ठाऊक असते आणि ते चुकीचे नाही: सागाच्या लाकडात नैसर्गिक तेल असते, ते फुगते-आकसते कमी आणि कुजीला दाद देत नाही. परंतु हे सारे गुण गाभ्याच्या लाकडाचे आहेत. सालीलगतचे फिकट लाकूड सागाचेही टिकत नाही, आणि स्वस्त पडलेल्या सागाच्या फळीत नेमकी हीच कड निघते. देवदार हलका आणि तेलकट असल्याने सरोवरावरील होड्यांना उत्तम ठरतो. साल वृक्षाचे लाकूड बळकट पण जड असते, त्यामुळे रोज काठावर ओढायच्या लहान होडीला ते सोसत नाही. बरगड्यांसाठी लाकडाच्या जातीइतकाच त्याचा बाक महत्त्वाचा आहे. बाभळीसारख्या झाडाची मुळातच वाकलेली फांदी निवडली तर तंतू बाकाबरोबर वळतात. सरळ फळीतून बाक कापला तर तंतू आडवे तुटतात आणि बरगडी तेथेच मोडते.

टिकाऊपणा हाच नेहमी एकमेव निकष असतो असेही नाही. प्रश्न २ मधील ॲस्पेन कुजीला लवकर बळी पडतो, तरी तो निवडतात, कारण तो हलका असून धग दिल्यावर न फाटता फाकतो.

७. लाकूड ओले असताना वापरावे की पूर्ण वाळवून?

कोरीव होडीसाठी ओलेच घ्यावे, कारण ते वाकसाने (लाकूड तासण्याच्या हत्याराने) सहज तासले जाते. पूर्ण खोड वाळू दिले तर गाभ्यापर्यंत चिरा पडतात. फळ्या मात्र सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल अशा रचून वाळवाव्यात. जाडीच्या दर इंचाला सुमारे एक वर्ष हा जुना ठोकताळा आजही उपयोगी आहे. येथे एक अपवाद लक्षात ठेवावा: फळी अति वाळवणेही चुकीचे आहे. ओलावा साधारण १५ टक्क्यांच्या आसपास असावा. भट्टीत खडखडीत वाळवलेली फळी पाण्यात इतकी फुगते की खिळे उपसून काढते किंवा शेजारच्या फळीची कड चेचते. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, सगळा बदल रुंदीत आणि जाडीत होतो. म्हणूनच वाळलेल्या होडीत फटी फळ्यांच्या टोकांशी न पडता फळ्यांच्या मध्ये पडतात.

८. काही महिने बाहेर ठेवलेली होडी पाण्यात सोडताच गळते. ती खराब झाली का?

बहुधा नाही. फळ्या आकसल्या आहेत, त्या पाणी पिऊन पुन्हा फुगतील. होडी कमरेएवढ्या पाण्यात दोराने बांधून ठेवावी, आत पाणी येऊ द्यावे आणि पाहत राहावे. सुरुवातीला सांध्यांतून पाण्याची सलग धार दिसते, काही तासांनी तिचे थेंब होतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सांध्यावर केवळ ओलसर काळी रेघ उरते. तीन-चार दिवसांनंतरही एखाद्या ठिकाणी धार कायम असेल, तर तेवढीच जागा दुरुस्तीची असते, आणि ती आपोआप उघडी पडल्याने शोधावीही लागत नाही.

या काळात घाई करून कोरडे सांधे ठासून भरू नयेत. मी स्वतः पहिल्या खेपेस ही चूक केली आहे. गळती पाहून घाबरलो आणि मावेल तितका कापूस पटाशीने सांध्यांत ठोकला. फळ्यांना फुगायला जागाच उरली नाही. तिसऱ्या रात्री तळाची एक बरगडी खिळ्यापाशी तडकली, आणि तो आवाज काठावर झोपलेल्या माणसाला जाग येईल एवढा मोठा होता.

सांधा खरोखर भरायचा असेल तेव्हा कापसाचा सैल पीळ किंवा काथ्या बेताने बसवून वर राळ आणि तेलाचा लेप द्यावा. सिलिकॉन वापरू नये: ते ओल्या लाकडाला धरत नाही आणि निघताना असा थर ठेवून जाते की त्यावर पुढे दुसरे काहीच चिकटत नाही.

९. लाकूड तर पाण्यातच असते, मग ते कुजते कशामुळे?

लाकूड पाणी कुजवत नाही, बुरशी कुजवते. बुरशीला लाकूड, ऊब, हवा आणि साधारण २० टक्क्यांहून अधिक ओलावा या चारही गोष्टी एकाच वेळी लागतात. सतत पाण्याखाली असलेल्या लाकडात हवा नसते आणि कोरड्या लाकडात ओलावा नसतो. दोन्ही ठिकाणी बुरशीचे काही चालत नाही. प्रश्न २ मधील प्राचीन होड्या हजारो वर्षे टिकल्या त्या हवा न पोहोचणाऱ्या ओल्या गाळात गाडल्या गेल्यामुळेच. कुज धरते ती मधल्या पट्ट्यात: पाण्याच्या रेषेच्या जरा वर, नाळेच्या आतील कोपऱ्यात, बरगडी आणि फळी यांच्या मध्ये, बैठकीच्या फळीच्या टोकांशी.

येथेच गोड्या पाण्याचा तोटा दिसतो. समुद्रावरील होडीच्या सांध्यांत मीठ मुरते आणि मीठ बुरशीला रोखते. मोठ्या लाकडी जहाजांच्या बरगड्यांमध्ये पूर्वी मुद्दाम मीठ भरत. तलावावरील होडीला हे संरक्षण नाही. त्यातही होडीखालच्या पाण्यापेक्षा तिच्यात साचणारे पावसाचे पाणी अधिक घातक असते, कारण ते वरून सांध्यांत उतरते आणि हवा असलेल्या जागीच मुक्काम करते. पावसाळाभर उघड्यावर उताणी पडलेली होडी रोज पाण्यात चालणाऱ्या होडीच्या आधी मरते.

१०. मग वापर नसताना होडी कोठे ठेवावी? काही जण ती मुद्दाम बुडवून ठेवतात, हे योग्य आहे का?

योग्य आहे, आणि प्रश्न ९ वाचल्यावर त्यामागचे कारण कळेल. पूर्ण बुडालेल्या होडीत बुरशीला हवा मिळत नाही, फळ्या आकसत नाहीत आणि उन्हाने चिराही पडत नाहीत. मात्र होडी पूर्ण बुडाली पाहिजे. अर्धी बुडालेली आणि काठ वर राहिलेला, ही सर्वांत वाईट अवस्था आहे. तळाशी दगड नसावेत, भार म्हणून टाकलेले दगड फळ्यांवर न टेकता बरगड्यांवर टेकावेत, आणि ओहोटत्या जलाशयात पाणी कोठवर उतरेल याचा अंदाज आधी घ्यावा. जेथे पाणी गोठते तेथे ही पद्धत वापरू नये. भरतीचे पाणी पोहोचत असेल तर प्रश्न १६ आधी वाचावा.

जमिनीवर ठेवायची असल्यास छपराखाली, पालथी, जमिनीपासून हातभर उंच ठोकळ्यांवर आणि भर उन्हापासून दूर ठेवावी. ताडपत्री घट्ट गुंडाळू नये. आत हवा कोंडते, ऊब धरते आणि बुरशीला हवे ते सारे एकत्र मिळते.

११. कुज लागली आहे हे वरून रंग चांगला असताना कसे ओळखावे?

हातोडीच्या लाकडी दांड्याने फळीवर बोटभर अंतरावर ठोकत जावे. चांगले लाकूड टणक, मोकळा आवाज देते. कुजलेल्या जागी तो एकदम दबका होतो. अशा जागी अणकुचीदार सळी टोचावी. निरोगी लाकडात ती जेमतेम शिरते आणि उचकटल्यावर लांब, तंतुमय ढलपी निघते. कुजलेल्या लाकडात ती लोण्यात शिरावी तशी जाते आणि लाकूड आखूड तुकड्यांत, आवाज न करता तुटते. तपासणी नाळेच्या आतून सुरू करावी, कारण तेथे हात पोहोचत नाही आणि म्हणून तेथे कोणी पाहत नाही. लोखंडी खिळ्याभोवतीचा काळा डाग मात्र कुजीचाच असतो असे नाही. लोखंड आणि लाकडातील टॅनिन हे तुरट द्रव्य यांच्या संयोगानेही तो पडतो. डागाभोवती लाकूड मऊ लागले तरच खिळा काढून पाहावे.

१२. आतून जुने इंजिन ऑइल लावले तर चालेल का?

चालणार नाही. ते लाकडात खोल मुरत नाही, बुरशीला फारसे रोखत नाही, थोडेथोडे पाण्यात उतरत राहते आणि पकडलेले मासे त्याच तळावर पडतात. दगडी कोळशाचे डांबरही आतील बाजूस लावू नये, कारण त्यातील काही घटक आरोग्यास घातक आहेत. उकळलेले जवसाचे तेल वर्षातून एक-दोन वेळा, कोरड्या लाकडावर, पातळ हाताने द्यावे. तेल चोळलेल्या चिंध्या गोळा करून ठेवू नयेत; त्या आपोआप पेट घेतात, म्हणून पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवाव्यात.

१३. जुन्या होडीवर बाहेरून फायबरचा थर चढवला तर गळती कायमची थांबेल का?

एखाददुसरे वर्ष थांबेल. फळ्या फुगत-आकसत राहतात आणि फायबरचा थर मात्र स्थिर असतो, त्यामुळे सांध्यांवर तो तडकतो. तडकेतून आत गेलेले पाणी बाहेर पडत नाही आणि लाकूड नजरेआड कुजते. प्लायवूडच्या किंवा पट्ट्या चिकटवून केलेल्या नव्या, कोरड्या होडीचे तसे नसते, कारण त्यात फळ्या स्वतंत्रपणे हलतच नाहीत. सागावर पॉलिएस्टर रेझिन नीट धरत नाही, तेथे एपॉक्सी बरे. तरीही जुन्या फळ्यांच्या होडीवर हा थर म्हणजे तिचे शेवटचे वर्ष पुढे ढकलणे होय. होडी निकालातच निघाली असेल तर हरकत नाही.

१४. लहान लाकडी होडीला मोठे इंजिन लावले तर ती वेगाने जाईल का?

फारशी नाही. पाणी बाजूला सारत चालणाऱ्या होडीचा व्यवहार्य वेग तिच्या पाण्यातील लांबीवर ठरतो. ४ मीटर लांबीला तो ताशी ९ किलोमीटरच्या आसपास येतो. त्यापुढे इंजिन जितके मोठे तितकी मागील बाजू खाली बसते आणि नाळ वर उठते, वेग मात्र जेमतेम वाढतो. सपाट, रुंद मागील भाग असलेली हलकी होडी पाण्यावर उचलली जाऊन अधिक वेग घेऊ शकते, पण दोन्ही टोकांना निमुळती होणारी पारंपरिक होडी तशी उचलली जात नाही. शिवाय कंपनाने मागील सांधे सैल होतात. आधी लहान इंजिन लावावे, वजन पुढे सरकवून होडी समतल करावी आणि इंजिनाची फळी थेट बाजूंच्या फळ्यांना न जोडता बरगड्यांशी बांधावी.

आणखी एक संबंधित प्रश्न येतो: लाकडी होडी पाणी भरले तरी तरंगते ना? रिकामी आणि हलक्या लाकडाची होडी बहुधा तरंगते, म्हणून उलटल्यावर तिला धरून राहावे, काठाकडे पोहू नये. साल वृक्षासारख्या जड लाकडाची, वर्षानुवर्षे पाणी प्यालेली किंवा इंजिन व बॅटरी असलेली होडी मात्र तळाशी जाऊ शकते. जीवरक्षक जॅकेटला पर्याय नाही.

१५. एका तलावातून दुसऱ्या तलावात होडी नेताना काही काळजी घ्यावी लागते का?

घ्यावी लागते, आणि लाकडी होडीबाबत अधिक, कारण सांधे व बरगड्यांमागील फटी दीर्घकाळ ओल्या राहतात. जलपर्णीच्या लहानशा तुकड्यापासून नवे रोप होते. लहान शिंपल्यांच्या अळ्या तर डोळ्यांना दिसतही नाहीत. होडी व जाळे घासून धुवावे, पाणी पूर्ण काढावे आणि दोन्ही कडक वाळवावेत. यामुळे फळ्या आकसतील. ते प्रश्न ८ प्रमाणे पुन्हा भरून येते.

१६. आमच्या नदीत वर्षाचे काही महिने भरतीचे पाणी येते. होडी गोड्या पाण्याची समजावी की खाऱ्या?

ज्या ऋतूत पाणी सर्वांत खारट होते, त्या ऋतूवरून ठरवावे. लाकूड पोखरणारा जहाजकिडा, जो खरे पाहता किडा नसून लांबट शिंपला आहे, त्याला सामान्यतः खारट पाणी लागते. म्हणून तलावावर त्याचे भय नसते. नदीच्या मुखाकडील निमखाऱ्या पट्ट्यात मात्र त्याच्या काही जाती तग धरतात. तो अळी असताना आत शिरतो, त्यामुळे बाहेर टाचणीच्या टोकाएवढे छिद्र दिसते आणि आत बोटाएवढा बोगदा असतो. होडी चार दिवस वर गोड्या पाण्यात नेऊन ठेवली की तो मरतो, असा समज आहे. तो चुकीचा आहे, कारण आपल्या बोगद्याचे तोंड आतून बंद करून तो काही आठवडे काढू शकतो. होडी पाण्याबाहेर काढून लाकूड नीट वाळू देणे हा खात्रीचा उपाय. म्हणून अशा नदीत कोरड्या ऋतूत होडी बुडवून ठेवू नये, तळाचा रंग कोठेही खरवडलेला राहू देऊ नये, आणि होडी काठावर घेतली की तळाच्या फळ्यांवर उजेड तिरपा पाडून ती बारीक छिद्रे शोधावीत. फळी ओली असताना त्यांतून पाण्याचा थेंब डोकावतो आणि तेव्हाच ती नीट दिसतात.